गूगलच्या ताब्यातला ब्लॉगर: अजून तिथे लिहावं का?

३० सप्टेंबर २०२५ रोजी टाइपपॅड बंद झालं. २००३ साली सुरू झालेली, ग्राहकांकडून पैसे घेऊन चालणारी ही ब्लॉगसेवा. बंद होणार असल्याची सूचना आली ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे वीस-बावीस वर्षांचं लिखाण उचलून न्यायला जेमतेम महिना. या सेवेची मालकी किती वेळा फिरली ते पाहिलं की हा शेवट कळतो. सिक्स अपार्ट या कंपनीने ती बनवली. २०१० मध्ये सिक्स अपार्ट आणि व्हिडिओएग एकत्र येऊन से मीडिया झाली. २०१३ मध्ये टाइपपॅड एन्ड्युरन्स या होस्टिंग (संकेतस्थळांना सर्व्हरवर जागा देणाऱ्या) कंपनीकडे गेलं. २०२१ मध्ये एन्ड्युरन्स आणि वेब डॉट कॉम मिळून न्यूफोल्ड डिजिटल तयार झाली. नवीन ग्राहक घेणं त्याआधी, २०२० च्या अखेरीलाच थांबलं होतं. दर व्यवहारात ब्लॉग हा विषय नव्या मालकाच्या मुख्य धंद्यापासून आणखी लांब जात राहिला.

मराठीत ब्लॉग म्हटलं की पत्त्यात बहुतेक वेळा ब्लॉगस्पॉट असतं. ते पत्ते गूगलच्या ब्लॉगर या सेवेचे, आणि तीही विकत घेतलेलीच. म्हणून ब्लॉगरचं हे परीक्षण टेम्प्लेटं किती आणि रंग किती अशा अंगाने केलेलं नाही. मालक बदलला किंवा मालकाचं मन बदललं तर लेखकाच्या हातात काय उरतं, हे इथे तपासलं आहे. त्यात पाच गोष्टी येतात: मजकूर, चित्रं, कमेंट, पत्ता आणि वाचकांची यादी. ब्लॉगर यातल्या दोन नीट सांभाळतो, एक अर्धवट, आणि उरलेल्या दोन्हींच्या बाबतीत मराठी ब्लॉगांचं आधीच नुकसान झालेलं आहे.

आधी व्यवहार. पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर सुरू केला. इव्हान विल्यम्स आणि मेग हूरिहान हे तिचे संस्थापक. २००१ च्या सुरुवातीला पैसे संपले, माणसं गेली, आणि काही काळ विल्यम्स एकटेच सेवा चालवत होते. १५ फेब्रुवारी २००३ रोजी पत्रकार डॅन गिलमोर यांनी बातमी फोडली की गूगलने पायरा विकत घेतली. तेव्हा ब्लॉगरवर अकरा लाखांच्या आसपास नोंदणी होती आणि दोन लाखांच्या आसपास ब्लॉग खरोखर चालू होते. किंमत जाहीर झाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गूगलने अप्लाइड सिमँटिक्स ही कंपनी घेतली. मजकूर वाचून त्याला साजेशी जाहिरात शोधायचं तंत्र तिच्याकडे होतं, आणि ॲडसेन्स हे गूगलच्या जाहिरात-सेवेचं नावही तिथूनच आलं. एकीकडे रोज लाखो पानं लिहिणारी माणसं, दुसरीकडे त्या पानांवर जाहिरात बसवणारं यंत्र. या दोन खरेद्या शेजारी ठेवल्या की ब्लॉगर आजवर फुकट का राहिला ते समजतं. विकत घेतल्यावर ब्लॉगर प्रो ही सशुल्क आवृत्ती बंद करून तिच्या सोयी सगळ्यांना मोकळ्या केल्या गेल्या. मे २००४ च्या नव्या रूपात कमेंट आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पान मिळालं. खरेदीमुळे सेवा सुधारली असं इथे निःसंकोच म्हणता येतं.

असं नेहमी होत नाही. ट्विटरने मार्च २०१२ मध्ये पोस्टरस ही ब्लॉगसेवा घेतली ती तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि ३० एप्रिल २०१३ ला ती सेवा बंद केली. याहूने मे २०१३ मध्ये टम्बलर १.१ अब्ज डॉलरला घेतलं. याहू व्हेरायझनकडे गेल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये ते वर्डप्रेस डॉट कॉमवाल्या ऑटोमॅटिकला विकलं गेलं, तेही बातम्यांनुसार तीस लाख डॉलरपेक्षा कमी किमतीला. मायक्रोसॉफ्टने मात्र विंडोज लाइव्ह स्पेसेस ही आपली ब्लॉगसेवा बंद करताना लोकांना सहा महिने दिले आणि वर्डप्रेस डॉट कॉमवर थेट हलवून घेण्याची सोय केली. सेवा बंद करायचीच असेल तर ती अशी करावी. या रांगेत ब्लॉगर अजून उभा आहे, फुकट आहे, आणि आपण न मागता आपल्या पानावर जाहिराती टाकत नाही. एवढ्यावर त्याला चांगले गुण द्यायलाच हवेत.

आता उणी बाजू. ब्लॉगरचा गाभा शाबूत राहिला, पण त्याला जोडलेले भाग एकेक करून गळले. त्यातले बरेच भाग इतर खरेद्यांमधून आलेले होते. फीडबर्नर ही नव्या नोंदी वाचकांपर्यंत पोचवणारी सेवा गूगलने २००७ मध्ये घेतली. ब्लॉगरवरचं 'ईमेलने फॉलो करा' हे गॅजेट तिच्यावर चालायचं. जुलै २०२१ पासून ईमेल पाठवणं बंद झालं. ज्यांनी त्याआधी फीडबर्नरमध्ये जाऊन वर्गणीदारांची यादी उतरवून घेतली नाही, त्यांचे शेकडो वाचक एका दिवसात तुटले. गॅजेट कित्येक ब्लॉगांच्या कडेला अजून तसंच दिसतं. कोणी त्यात पत्ता टाकला तरी काहीही होत नाही, तेव्हा ते काढून टाका. वाचकांना नोंद ईमेलने पाठवायची असेल तर वेगळी ईमेल-न्यूजलेटर सेवा घ्या आणि तिच्यातून यादी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये बाहेर काढता येते का ते पहिल्या दिवशी तपासा.

पिकासा हे फोटो साठवायचं साधन गूगलने २००४ मध्ये घेतलं. ब्लॉगरवर चढवलेली चित्रं पिकासाच्या वेब अल्बममध्ये साठायची. २०१६ मध्ये पिकासा गेलं, अल्बम दुसऱ्या जागी दिसू लागले, ती जागाही जुलै २०२३ मध्ये बंद झाली. नोंदींमधली चित्रं टिकली, पण ती एकत्र पाहण्याची ओळखीची जागा दोनदा हलली. गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमाने तर मोठंच नुकसान केलं. २०१३ पासून ब्लॉगवर गूगल प्लसच्या कमेंट लावता येत होत्या आणि पुष्कळांनी त्या लावल्या. २०१९ मध्ये गूगल प्लस बंद झालं तेव्हा त्या कमेंट ब्लॉगरच्या कमेंटमध्ये बदलता येणार नाहीत असं गूगलने सरळ सांगितलं. त्या वर्षांतल्या चर्चा त्या ब्लॉगांवरून नाहीशा झाल्या. पदार्थांच्या आणि भटकंतीच्या मराठी ब्लॉगांवर निम्मी माहिती कमेंटमध्येच असायची: कुकरच्या शिट्ट्या किती, किल्ल्याच्या पायथ्याला एसटी किती वाजता येते. मूळ नोंद राहिली आणि तिच्याखाली वाचकांनी केलेल्या दुरुस्त्या गेल्या. याला आता इलाज नाही. पुढच्यासाठी नियम एवढाच की कमेंट ब्लॉगरच्या स्वतःच्याच ठेवाव्यात, बाहेरची कमेंटपेटी लावू नये.

भारतातल्या ब्लॉगांना बसलेला सगळ्यात वेगळा फटका म्हणजे ब्लॉगस्पॉट डॉट इन. २०१२ पासून भारतात बसून कोणताही ब्लॉगस्पॉट डॉट कॉम पत्ता उघडला की गूगल तो आपोआप डॉट इनवर वळवायचं. वाचक पत्ता कॉपी करायचा तो अर्थातच डॉट इनवाला. फेसबुकवर, विकिपीडियाच्या संदर्भांत, एकमेकांच्या ब्लॉगांवर, दिवाळी अंकांच्या यादीत तेच पत्ते पडले. २०१८ च्या सुमारास हे वळवणं थांबलं. २०२० मध्ये तर ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नावच गूगलच्या हातून निसटलं आणि दुसऱ्या कोणीतरी नोंदवलं. तेव्हापासून त्या लाखो दुव्यांवर गूगलचा ताबा नाही. लेख जागेवर आहेत, त्यांच्याकडे जाणारा रस्ता तुटला आहे.

दुरुस्ती सोपी पण हाताने करण्याची आहे. ब्लॉगरच्या डॅशबोर्डवर नोंदींच्या यादीच्या वर शोधपेटी असते. तिच्यात 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' इंग्रजी अक्षरांत टिंबासह लिहून शोधा. सापडलेली प्रत्येक नोंद एचटीएमएल दृश्यात उघडा, डॉट इनच्या जागी डॉट कॉम करा, अपडेट दाबा. बाजूच्या पट्टीतल्या आवडत्या ब्लॉगांच्या यादीकडेही बघा, ती या शोधात येत नाही. वाचक म्हणून असा मेलेला दुवा भेटला तर पत्त्याच्या ओळीत शेवटचं इन खोडून कॉम लिहा. मूळ ब्लॉग अस्तित्वात असला तर लेख उघडतो. गूगलसारख्या कंपनीने एका देशातल्या सगळ्या ब्लॉगांचं नाव जाऊ द्यावं, हा ब्लॉगरच्या खात्यावरचा सर्वांत गंभीर दोष आहे असं मत आहे, आणि पुढचा सल्ला त्यातूनच निघतो: पत्ता स्वतःचा हवा.

स्वतःचं डोमेन ब्लॉगरला जोडता येतं आणि त्यासाठी ब्लॉगर काहीही आकारत नाही. खर्च फक्त नावाचा, डॉट कॉमसाठी वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये. नाव नोंदवताना ते स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर नोंदवा, ब्लॉग बनवून देणाऱ्या मित्राच्या नाही. मग सेटिंग्जमध्ये पब्लिशिंगखाली 'कस्टम डोमेन' उघडून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह पूर्ण पत्ता टाका. पहिल्यांदा जतन होत नाही, लाल अक्षरांत चूक दिसते. तिथे घाबरायचं कारण नाही, त्या चुकीतच दोन सीनेम नोंदी, म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे पाठवणाऱ्या नोंदी, दिलेल्या असतात. पहिली सगळ्यांना सारखी: नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, लक्ष्य जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम. दुसरी फक्त तुमच्या ब्लॉगसाठी, मालकी पडताळण्यापुरती. दोन्ही डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणाऱ्या पानावर, भरायच्या. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता येणाऱ्या वाचकांसाठी चार ए नोंदी (नाव थेट सर्व्हरच्या आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या) लागतात: २१६.२३९.३२.२१, २१६.२३९.३४.२१, २१६.२३९.३६.२१ आणि २१६.२३९.३८.२१. नंतर परत येऊन जतन करा आणि 'रीडायरेक्ट डोमेन' चालू करा.

इथे अडकतं ते ठरावीक ठिकाणी. बरीच डीएनएस पानं नावाच्या रकान्यापुढे डोमेन आपणहून जोडतात. तिथे पूर्ण पत्ता भरला की डोमेन दोनदा लागतं आणि पडताळणी होत नाही, म्हणून नावाच्या रकान्यात फक्त पहिला तुकडा लिहावा. दुसरं म्हणजे नवीन डोमेनवर विक्रेत्याने आधीच टाकलेली 'लवकरच येत आहे' पानाची ए नोंद. ती खोडल्याशिवाय कधी ब्लॉग उघडतो, कधी ते पान. तिसरं क्लाउडफ्लेअर या डीएनएस-सेवेचं. तिथे प्रॉक्सी (वाचक आणि ब्लॉग यांच्या मधला त्यांचा सर्व्हर) चालू ठेवली तर गूगलला सुरक्षा प्रमाणपत्र देता येत नाही. त्या नोंदी 'फक्त डीएनएस' वर ठेवा, एचटीटीपीएस चालू करा, आणि प्रमाणपत्र मिळायला एक दिवस द्या. तेवढ्या वेळात सेटिंग परत परत बंद-चालू केली तर आणखी उशीर होतो.

डोमेन जोडलं की जुने ब्लॉगस्पॉट डॉट कॉमचे दुवे ब्लॉगर स्वतःच नव्या पत्त्यावर वळवतो, तेही कायमच्या वळणाने, म्हणजे शोधयंत्रांनाही कळेल असं. हा भाग ब्लॉगर उत्तम करतो. ज्यांनी पूर्वी थेट ब्लॉगरमधून किंवा गूगल डोमेन्समधून नाव घेतलं होतं त्यांनी एक गोष्ट लगेच तपासावी. गूगलने तो सगळा धंदा २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला, त्यामुळे तुमचं डोमेन आता बहुधा त्यांच्याकडे आहे. स्क्वेअरस्पेसचं खातं उघडून कार्डाची माहिती आणि नूतनीकरणाची तारीख बघा. कार्ड बदललं असेल आणि सूचना न वापरल्या जाणाऱ्या मेलपेटीत जात असतील तर नाव सुटतं, आणि चांगलं नाव एकदा सुटलं की परत मिळवणं महाग पडतं.

मजकुराची प्रत काढणं हा दुसरा महत्त्वाचा भाग. गूगल टेकआउट या आपली माहिती उतरवून घ्यायच्या पानावर जा, सगळ्याची निवड काढा, फक्त ब्लॉगर निवडा. एकदाच निर्यात किंवा वर्षभर दर दोन महिन्यांनी निर्यात असे पर्याय येतात, त्यातला दुसरा घ्या. झिप फाइलचा दुवा मेलवर येतो आणि तो आठवडाभरच चालतो. उतरवलेली झिप उघडून पाहिल्याशिवाय प्रत मिळाली असं समजू नका. आत ब्लॉगच्या नावाच्या फोल्डरमध्ये फीड डॉट ॲटम ही फाइल असते, त्यात नोंदी आणि कमेंट. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुन्या नोंदीतलं एखादं मराठी वाक्य शोधा. सापडलं आणि देवनागरी नीट दिसली तर फाइल ठीक. थीमची प्रतही वेगळी काढून ठेवा, थीमच्या पानावर 'कस्टमाइज'शेजारच्या बाणाखाली ती सोय आहे. गॅजेटमध्ये हाताने चिकटवलेला कोड त्यात येतो, म्हणून ती वगळू नका.

चित्रांबद्दल मात्र फसगत ठरलेली आहे. नोंदींच्या फाइलमध्ये चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. ब्लॉग वर्डप्रेसवर आयात केला की चित्रं दिसतात आणि सगळं आलं असं वाटतं. नेहमीच्या आयातीत ती गूगलच्याच सर्व्हरवरून येत असतात. मग जुनं गूगल खातं बंद केलं की नव्या ब्लॉगवरची चित्रंही जातात. खात्री करायला नव्या ब्लॉगवरच्या चित्रावर उजवी टिचकी मारून ते वेगळ्या टॅबमध्ये उघडा. पत्त्यात गूगलयूजरकंटेंट किंवा ब्लॉगस्पॉट दिसलं तर चित्र अजून हललेलं नाही. बाहेरची चित्रं ओढून आपल्या मीडिया लायब्ररीत घेणारे प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) आहेत, ते चालवून मग परत तपासा.

मराठी ब्लॉग हलवताना आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडत नाही. ब्लॉगर नोंदीचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतो. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर हाती काहीच लागत नाही, म्हणून पत्ता होतो ब्लॉग-पोस्ट डॉट एचटीएमएल, पुढच्याला ब्लॉग-पोस्ट आणि मागे आकडा. शेकडो मराठी नोंदींचे पत्ते असे एकसारखे आहेत. वर्डप्रेस मात्र देवनागरी शीर्षकावरून वेगळा, लांबलचक पत्ता बनवतो. त्यामुळे पर्मालिंकची, म्हणजे नोंदीच्या कायमच्या पत्त्याची, रचना वर्ष, महिना, नाव आणि शेवटी एचटीएमएल अशी जुळवून ठेवली, जे इंग्रजी ब्लॉगला पुष्कळदा पुरतं, तरी मराठी ब्लॉगचे जुने दुवे जुळत नाहीत. आयात करणारं साधन प्रत्येक नोंदीचा जुना पत्ता 'ब्लॉगर पर्मालिंक' या कस्टम फील्डमध्ये ठेवतं. त्या फील्डवरून वळवणारं प्लगइन वापरा, नाहीतर दोन स्तंभांची यादी करून जुना पत्ता, नवा पत्ता असं भरा. डोमेन तुमचं असेल तरच हे जमतं. ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावरून बाहेरच्या संकेतस्थळावर खरं वळण देता येत नाही, थीममध्ये स्क्रिप्ट टाकून वाचकाला ढकलता येतं एवढंच.

जे हलणार नाहीत त्यांनीही नोंद प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत 'पर्मालिंक'खाली स्वतः रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहावेत: राजगड-संजीवनी-माची असं. तिथे इंग्रजी अक्षरं, आकडे, जोडरेघ, अधोरेघ आणि टिंब एवढंच चालतं.

रोजच्या लेखनाबद्दल थोडक्यात. पान वेगाने उघडतं, एकाच दिवशी हजारो वाचक आले तरी कोसळत नाही, सुरक्षेचे अपडेट आपल्याला करावे लागत नाहीत. स्वतः वर्डप्रेस चालवणाऱ्याला या तिन्हींचं मोल कळेल. एका खात्यावर १०० ब्लॉग आणि एका ब्लॉगवर १०० लेखक, म्हणजे गटाने चालवायच्या उपक्रमाला पुरेसं. संपादक मात्र साधाच. वर्डमधून मजकूर चिकटवला की अदृश्य कोड येतो आणि मोबाइलवर अक्षरं कुठे लहान कुठे मोठी दिसतात. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. नव्या सोयींची वाट पाहू नका, २०२० च्या नव्या डॅशबोर्डनंतर मोठं काही आलेलं नाही. गूगल ब्लॉगर चालू ठेवतं, वाढवत नाही. १ मे २०१० ला स्वतःच्या सर्व्हरवर एफटीपीने ब्लॉग चढवायची सोय काढली तेव्हा चालू ब्लॉगांपैकी फक्त अर्धा टक्का ती वापरतात असं कारण दिलं होतं. थोडे लोक वापरतात ती सोय जाते, हे धोरण तिथपासून दिसतं.

आता छोट्या प्रमाणातल्या खरेदी-विक्रीबद्दल, कारण मराठीतही रेसिपी, नोकरीच्या जाहिराती, शेती, स्पर्धा परीक्षा या विषयांचे ब्लॉग हातोहात विकले जातात. ब्लॉगरमध्ये 'विक्री' असं बटण नाही. विकणारा सेटिंग्जमधल्या परवानग्यांमध्ये घेणाऱ्याला लेखक म्हणून बोलावतो, त्याने स्वीकारलं की त्याला ॲडमिन करतो, आणि शेवटी घेणारा विकणाऱ्याला काढतो. विकणाऱ्याने पैसे हातात पडायच्या आधी ॲडमिन करू नये आणि घेणाऱ्याने चित्रांचा निकाल लागल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. चित्रं ज्याने चढवली त्याच्या गूगल खात्यात असतात. विकणाऱ्याने वर्षभराने ते खातं पुसलं तर घेतलेल्या ब्लॉगवर रिकाम्या चौकटी उरतील. घेणाऱ्याने सगळी चित्रं उतरवून स्वतःच्या खात्यातून परत चढवावीत. काम कंटाळवाणं आहे, पण मोठ्या ब्लॉगसाठी तेच करावं लागतं.

ॲडसेन्सचं खातं विकता येत नाही. घेणाऱ्याचं स्वतःचं मंजूर खातं हवं. ते जोडल्यावर थीममध्ये आणि गॅजेटांत चिकटवलेले जुने जाहिरात-कोड शोधून काढा, नाहीतर कमाई विकणाऱ्याकडेच जात राहते. सेटिंग्जमध्ये कमाईच्या भागात ॲड्स डॉट टीएक्सटी (जाहिरातीची जागा विकायचा अधिकार कोणाला ते सांगणारी फाइल) चालू असेल तर त्यात जुन्या मालकाचा पब्लिशर क्रमांक असतो. तो बदलला नाही तर जाहिराती येणं कमी होतं आणि कारण लवकर सापडत नाही. सर्च कन्सोलची (गूगल शोधात ब्लॉग कसा दिसतो ते दाखवणाऱ्या सेवेची) मालकीही वेगळी हलवायची असते.

कागद केल्याशिवाय यातलं काही करू नये. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांपुरतंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. घेतलेले हक्क वर्षभर वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तेही संपतात. म्हणजे 'ब्लॉग दिला' असा नुसता व्हॉट्सॲपचा निरोप ठेवून व्यवहार करणाऱ्याच्या हातात ॲडमिनपद असतं, मजकुराचा हक्क नसतो. पाहुण्या लेखकांनी लिहिलेल्या नोंदी तर विकणाऱ्याच्याही नसतात. त्यांनी लेखी दिलं नसेल तर त्या नोंदी कराराबाहेर ठेवा किंवा परवानगी घ्या.

हा प्रश्न मोठ्या व्यवहारातही आला होता. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने फेब्रुवारी २०११ मध्ये हफिंग्टन पोस्ट हे बातम्या आणि ब्लॉगांचं संकेतस्थळ ३१.५ कोटी डॉलरला घेतलं. तिथे हजारो लोकांनी मोबदल्याशिवाय लिहिलं होतं. त्यांच्या वतीने जोनाथन टॅसिनी यांनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि २०१२ मध्ये तो फेटाळला गेला: पैसे मिळणार नाहीत हे माहीत असूनच लिहिलं होतं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण गटाने चालणाऱ्या मराठी ब्लॉगांनी, ऑनलाइन दिवाळी अंकांनी यातून धडा घ्यावा आणि 'संकेतस्थळ विकलं गेल्यास लेखकाचा वाटा किती, आणि लेख मागे घेता येईल का' हे पहिल्याच वर्षी दोन ओळींत लिहून ठेवावं. नंतर लिहायला बसलं की मैत्री पणाला लागते.

तर मग अजून ब्लॉगरवर लिहावं का? खर्च करायचा नाही, तांत्रिक काम नको, लिहिणं-वाचणं एवढंच हवं, अशांनी जरूर लिहावं, पण स्वतःच्या डोमेनवर आणि टेकआउटची दोनमाही निर्यात लावून. ज्यांना ब्लॉगमधून धंदा उभा करायचा आहे, वर्गणीदार जमवायचे आहेत, उद्या तो विकायचा आहे, त्यांनी सुरुवातच स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेसने करावी. वर हलवण्याची जी कसरत सांगितली ती टळते. ब्लॉगस्पॉटच्या उघड्या पत्त्यावर नवा ब्लॉग सुरू करणं आज कोणालाच सुचवता येणार नाही.

शेवटचं काम खात्याचं आहे. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसलं जाऊ शकतं. ब्लॉगसाठी कधीकाळी वेगळं खातं काढून विसरलेल्यांची संख्या कमी नाही. त्या खात्यात आजच लॉगिन करा, मोबाइल क्रमांक जुना असेल तर बदला, आणि घरातल्या किंवा गटातल्या दुसऱ्या एका विश्वासू खात्याला ॲडमिन करून ठेवा. गूगलच्या 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये ३, ६, १२ किंवा १८ महिने अशी मुदत निवडता येते आणि त्यानंतर माहिती कोणाला द्यायची अशी १० पर्यंत माणसं नोंदवता येतात. ज्येष्ठ लेखकांच्या ब्लॉगांसाठी हे भरणं सगळ्यात निकडीचं आहे. भरताना ब्लॉगर आणि चित्रं या दोन्ही खुणा निवडल्या आहेत का ते बघा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख त्याच माणसाला कळवून ठेवा.